झाडांतली माऊली

शुक्रवार, १ मार्च १९८५
ईसा टाउन

माझा नवरा कॉर्नेलियस काम करतो त्या हॉटेलने यंदाही स्टाफला डायऱ्या वाटल्या. आमची दोन महिने फोनखाली पडून होती. आज मी ती उघडली, कारण आजची गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायलाच हवी. यंदाच्या रजेत आम्ही वसईला जाणार नाही.

लग्नाला अठरा वर्षं झाली, बहरीनला येऊन बारा. आजवरची प्रत्येक रजा वसईला. रजा म्हणजे दूध पावडरचे डबे, साबणाच्या वड्या, ब्लँकेटं, दिराच्या मुलांचे बूट. घरात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत पाहुण्यांची रांग, आणि प्रत्येक पाहुण्याच्या तोंडी तोच एक प्रश्न. तो प्रश्न मी इथे लिहिणार नाही. डायरी कोरी आहे, पहिल्याच पानावर कशाला घाण करू?

माझी मामेबहीण ऑलिव्ह पूर्वी इथेच नर्स होती, आता कॅलिफोर्नियात असते. तिने एक फोटो पाठवलाय. रेडवुड नावाच्या झाडाच्या बुंध्याशी ती उभी आहे. ऑलिव्ह काही बारीक बाई नाही, तरी फोटोत तिला शोधावं लागतं. लिहिते, या दोघं, माझी गाडी घ्या, समुद्राच्या कडेकडेने वर जा, जंगलात पायी फिरा, तुम्हाला कोणी ओळखणार नाही.

शेवटचं वाक्य वाचून मी ठरवलं. कॉर्नेलियसशी भांडायची आठवडाभर तयारी केली होती. त्याने फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "जाऊया." माझी सगळी तयारी फुकट गेली.

मी अट घातली. आपण दोघंच. कुणासाठी काही न्यायचं नाही, कुणाकडे काही मागायचं नाही. तो हो म्हणाला.

शुक्रवार, ८ मार्च

जंगलात चालायचं तर पायांना सवय हवी, म्हणून सकाळीच झल्लाकच्या समुद्रावर गेलो. हॉटेलची हद्द संपली की पुढे नुसता किनारा, शंखांचा चुरा आणि ओहोटीचा वास. कॉर्नेलियस दिवसभर खुर्चीत बसून हॉटेलचे हिशेब बघणारा माणूस. थोडं चालला की बुटाची लेस बांधायला वाकतो. मी म्हटलं, "लेस नाही सुटली, दम सुटलाय." तो हसला. मलाही बरं वाटलं.

परतताना त्याला एकदम वसईची आई आठवली. म्हणाला, "आयला काय सांगायचं?"

"खरं सांग. फिरायला जातोय."

तो पुन्हा लेस बांधायला वाकला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सोमवार, १८ मार्च

अमेरिकेच्या व्हिसासाठी दोघं गेलो. खिडकीमागच्या गोऱ्या साहेबाने विचारलं, कशासाठी जाताय? कॉर्नेलियस छाती काढून म्हणाला, "टुरिझम, सर. माय वाइफ वॉन्ट्स टु सी द ट्रीज." साहेब हसला आणि शिक्का मारून मोकळा झाला. इतकं सोपं असतं खरं बोलणं. येताना अदलियात थांबून आइस्क्रीम खाल्लं.

शुक्रवार, ५ एप्रिल, गुड फ्रायडे

अंगाचा तिळपापड झालाय. उपवास आहे, मौन पाळायचं असतं, पण डायरीत ओरडायला बंदी नसावी.

क्रुसाच्या वाटेची प्रार्थना संपवून चर्चबाहेर आले तर मॅगीने हात धरला. मॅगी वसईतल्या सांडोरची, इथे अदलियात राहते. वसईची बातमी वसईकरांच्या आधी तिला कळते. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मेबल, कसली गो तू गुपचूप! एवढा मोठा नवस आणि आम्हाला पत्ता नाय?"

"कसला नवस?"

"अमेरिकेच्या जंगलातल्या माऊलीचा. झाडातच म्हणे माऊली दिसते. कॉर्नेलियसच्या आयने गावात सांगितलं, गावातून माझ्या बहिणीने मला कळवलं. माझा पण एक हात ने गो बाय. खांदा वर होत नाय."

हात म्हणजे मेणाचा हात. आमच्याकडे बांद्र्याच्या मोतमाऊलीला जे दुखतं त्याचा मेणाचा अवयव वाहतात. पाय दुखला पाय, डोळा दुखला डोळा, घर हवं असलं तर मेणाचं घर. आणि काही नसलं तर... असो.

कॉर्नेलियस पार्किंगमध्ये गाडीची काच पुसत उभा होता. गुड फ्रायडेला भर उन्हात कोण काच पुसतं?

शनिवार, ६ एप्रिल

काल मध्येच थांबले. आज सगळं लिहिते.

घरी आल्यावर विचारलं. आधी म्हणाला, मॅगीला काहीतरी चुकीचं कळलंय. मग म्हणाला, आयचा गैरसमज झाला असेल. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस आहे हा. शेवटी कबूल झाला. आयला त्याने तसंच कळवलं होतं.

"दुसरं काय सांगणार होतो, मेबल? झाडं बघायला चाललो? ती म्हणेल, आपल्या वाडीत केळी हायेत, नारळी हायेत, ती बघा. रजा मौजेवर उडवली म्हटलं तर वर्षभर ऐकवेल. नवस म्हटलं की कोणी आडवं येत नाही."

"कशाचा नवस ते सांगितलंस?"

तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. "मी काही नाही सांगितलं. लोक समजतात."

लोक समजतात! अठरा वर्षं लोक समजतच आलेत. नऊ-नऊ बुधवारचे नोव्हेने केले, वेलंकनीला चर्चच्या उंबरठ्यापर्यंत गुडघ्यांवर गेले, मुंबईत तीन डॉक्टर केले. प्रत्येकाच्या टेबलावर मी एकटी झोपले. शेवटच्या डॉक्टरांनी दोघांना या म्हणून सांगितलं होतं, पण तेव्हा कॉर्नेलियसचं ऑडिट होतं. सदतिसावं लागलं त्या दिवशी मी देवाला सांगितलं, बास. आता मागणार नाही. तेव्हा कॉर्नेलियस म्हणाला होता, "आपण दोघंच बरे." त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. सकाळी घरासमोर शाळेची बस हॉर्न वाजवत थांबते, शेजारची मुलं चढतात, आणि मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणून घेते.

म्हणून मला त्या जंगलात जायचं होतं. जिथे कोणी माऊली नाही, कोणी मागणं नाही, कोणी दयेने बघत नाही अशा जागी. आणि या माणसाने नेमक्या तिथेच माऊली नेऊन बसवली.

अमेरिकन साहेबाला खरं सांगितलं आणि आईला खोटं. ईस्टर आहे उद्या. सोरपोतेलचं मटण चिरून ठेवलंय, पण करायची इच्छा नाही.

शुक्रवार, २६ एप्रिल

आलोशियस वसईहून रजा संपवून आला. तो कॉर्नेलियसच्या वाडीतला, इथे हॉटेलच्या किचनमध्ये असतो. येताना आयने दिलेलं सगळं आणलं. सुकट, बाटलीतला मसाला, आणि एक खोका. खोक्यात अर्धी वाडी होती. दोन हात, एक पाय, बशीत ठेवल्यासारखे डोळे, एक घर (त्याला दारसुद्धा होतं), आणि आयचा गुडघा. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली.

"आयने बजावून सांगितलंय," आलोशियस म्हणाला, "गुडघा पहिला ठेवा. बाकीच्यांचं मागाहून."

मग खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्याने कॉर्नेलियसच्या हातात दिलं. मी म्हटलं, ते काय? कॉर्नेलियस म्हणाला, काही नाही. मी हिसकावून घेऊन कागद सोडला.

मेणाचं मूल. तळहाताएवढं. दोन्ही हात वर केलेलं, उचलून घे म्हटल्यासारखं.

मी आलोशियसकडे वळले. म्हटलं, आयला सांगा, माझ्या वयाची तरी लाज बाळगा. बेचाळीस वर्षांच्या बाईच्या हातात हे देऊन तिला जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवता? आलोशियस गोंधळून म्हणाला, "आयने तर गुडघाच..." तेवढ्यात कॉर्नेलियसने त्याला विचारलं, "पाणी घेणार?" पाण्याचा ग्लास आलोशियसच्या हातातच होता.

मी बजावलं, यातलं काहीही माझ्या घरात राहणार नाही. कॉर्नेलियसने खोका उचलून गाडीच्या डिकीत नेऊन ठेवला. निमूटपणे. त्याचा तो निमूटपणाच मला सहन होत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

आयला या जन्मी माफ करणार नाही.

शनिवार, ११ मे

ऑफिसात मसूदाला सगळं सांगितलं. ती रत्नागिरीची, माझ्याशेजारी बसते. आम्ही दोघी हॉस्पिटलच्या फायली सांभाळतो आणि एकमेकींची तोंडं. निदान ही तरी माझ्या बाजूने चिडेल असं वाटलं होतं. चिडलीसुद्धा. म्हणाली, "पुरुष असेच गे. आपल्या भीतीला आपल्या बायकोचं नाव देतात."

मी म्हटलं, बघ ना!

मग चहा संपवून हळूच म्हणाली, "पण जातंसच, तर माझ्या सुनेसाठी पण एक दुवा माग. दर्गा काय, माऊली काय, मागणं मागणंच."

"मसूदा, तिथे काही नाहीये! नुसती झाडं आहेत!"

"असूदे गे. मागायला काय जातं?"

मी टेबलावर डोकं ठेवलं.

शुक्रवार, ३१ मे

आज इतकी हसले की जमिनीवर बसावं लागलं.

बॅगा काढायला डिकी उघडली. मे महिना, बहरीनचं ऊन, गाडी दिवसभर हॉटेलच्या उघड्या पार्किंगमध्ये. खोक्यात मॅगीचा हात नाही, कोणाचे डोळे नाहीत, घराचं दार नाही. सगळं वितळून एक पिवळट गोळा झालाय आणि त्यातून चिठ्ठ्यांची टोकं वर आलीत. आयचा गुडघा कुठला, कोणाला ओळखता येणार नाही. जो माणूस बारा वर्षं इथे राहतो तो मे महिन्यात मेण डिकीत ठेवतो! पण ठेवायला मीच लावलं होतं, हेही खरं.

"खलास," मी म्हटलं. "सुटलो! आता नेऊ नकोस."

कॉर्नेलियसचा चेहरा उतरला. म्हणाला, "लोकांनी विश्वासाने दिलंय. गोळा तर गोळा, नेऊ." मग जरा थांबून, "मूल मात्र ठीक आहे. ते मी ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवलंय."

"फ्रिजमध्ये?"

"वरच्या कप्प्यात. आलोशियसला सांगितलंय, कोणी हात लावायचा नाही."

माझं हसू तिथेच थांबलं. आपल्या आयचा गुडघा वितळला तर वितळू दिला, पण तिने पाठवलेलं ते मूल मात्र गारव्यात. आयची इतकी भीती! पन्नाशीला आलेला माणूस.

शुक्रवार, १४ जून
ऑलिव्हचं घर, कॅलिफोर्निया

पोचलो. विमानतळावर कस्टमवाल्याने गोळा दोन्ही हातांनी उचलला, हुंगला आणि विचारलं, व्हॉट इज धिस? कॉर्नेलियस म्हणाला, "रिलिजस, सर." तो म्हणाला, कुठला रिलिजन? मी मान फिरवली. कुत्रं आणून त्यालाही हुंगायला लावलं. कुत्र्याला काही आक्षेप नव्हता.

इथे जूनमध्ये थंडी आहे! आम्ही सुती कपड्यांत कुडकुडतोय. ऑलिव्हने तिचे स्वेटर दिले, त्यात आम्ही दोघं मावतो. गोळ्याची हकिगत ऐकून ती पोट धरून हसली. म्हणाली, ठेवा इथेच, मी वितळवून वात घालून मेणबत्त्या करते आणि माझ्या चर्चमध्ये लावते. चिठ्ठ्यांतली नावं पण वाचते. इतकं साधं उत्तर आम्हाला दोघांना सुचलं नव्हतं.

मेणाच्या मुलाबद्दल कोणी बोललं नाही. मला वाटलं ते गोळ्यासोबत इथेच राहील.

सोमवार, १७ जून
उत्तरेकडे, रस्त्यावर

आज कशाचाही राग आला नाही, तरी लिहितेय.

डावीकडे समुद्र. आपल्यासारखा किनाऱ्यावर येऊन बसणारा नाही, खाली खडकांवर आदळणारा. रस्ता कड्याकड्याने वळत जातो. गाडी थांबवून पायवाटेने उतरलो. धुकं इतकं की पुढच्या वळणावर कॉर्नेलियस दिसेना, नुसता त्याचा खोकला. पिवळी फुलं, ओलं गवत. वाटेत हरणाहून मोठी, जाड मानेची जनावरं चरत होती. त्यांनी आमच्याकडे बघून पुन्हा खाली मान घातली. कॉर्नेलियसला दम लागला, पण आज लेस बांधायचं नाटक केलं नाही. सरळ बसला. मी शेजारी बसले.

एक म्हातारं जोडपं काठ्या टेकत आलं. कुठून आलात, म्हणाले. बहरीन कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं. म्हातारीने सहज विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, आम्हालाही नाहीत, आणि लगेच, "शॅल वी टेक युअर पिक्चर?"

एवढंच. पुढे काही नाही. ना 'अरेरे', ना 'देवाची मर्जी', ना हातावर हात ठेवणं. फोटो काढला, कॅमेरा दिला आणि गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हे एवढंही असू शकतं आणि अठरा वर्षं मला कोणी सांगितलं नाही!

कॉर्नेलियस टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. मला वाटलं दमलाय.

बुधवार, १९ जून

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी जंगलात शिरलो. मी झाडांचं वर्णन करणार नाही, जमणारही नाही. वर बघितलं की मान दुखते आणि तरी झाड संपत नाही. खाली अंधार, नेचे, पायाखाली इतकं मऊ की आपल्या चालण्याचा आवाज येत नाही. मी बोलायचं विसरले. ज्याला मला गप्प बसवायला अठरा वर्षांत जमलं नाही तो कॉर्नेलियस म्हणाला, "तू बरी आहेस ना?"

काही झाडांचे बुंधे जुन्या वणव्यात आतून जळून पोकळ झालेत. आत माणूस उभा राहील एवढी खोली, आणि वर झाड जिवंत, हिरवंगार. मी पुढे गेले होते. मागे वळून बघते तर हा नाही. हाक मारली, उत्तर नाही. परत गेले तर एका पोकळ बुंध्याबाहेर त्याची टोपी पडलेली.

आत तो गुडघ्यांवर होता. समोर मातीत मेणाचं मूल ठेवलेलं. आणि तो बोलत होता. प्रार्थना नव्हे. लहान मुलाशी बोलावं तसं, आमच्या वाडीतल्या भाषेत.

माझा संताप असा उसळला. "उचल ते! इथे कचरा टाकायला बंदी आहे! आयची चाकरी करायला आलास इथे? तिने सांगितलं म्हणून?"

तो उठला नाही. म्हणाला, "आयने नाही दिलं ते."

"मग?"

"मी मागवलं. आलोशियसला सांगून. आयला माहीतही नाही."

मला काही कळेना. मी विचारलं, कोणासाठी?

"माझ्यासाठी, मेबल. मला हवं होतं. पहिल्यापासून हवं होतं. आता होणार नाही हे मला कळतं, मी काही वेडा नाही. एकदा मागायचं तरी होतं. मी कधी मागितलंच नाही. दर वेळी तूच मागायचीस आणि मी बाहेर चपला सांभाळत उभा."

"तू म्हणाला होतास, आपण दोघंच बरे!"

"तू रडत होतीस. काय म्हणणार होतो?"

लोकांना वाटेल मी त्याला जवळ घेतलं. नाही घेतलं. मी ओरडले. त्या जंगलात कोणी कधी एवढं ओरडलं नसेल. मी म्हटलं, मला वाटत होतं ही वेदना माझ्या एकटीची आहे. मी ती एकटीने वाहिली. तुझ्या आयसमोर, मॅगीसमोर, प्रत्येक बारशाला पाळणा हलवताना. मी तुला वाचवत होते, की याला काही नाही, याला कशाला दुखवा? आणि तू तिकडे एकटाच! एका घरात दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत रडतात, हा कसला संसार? बरोबर रडलो असतो तर अर्धं झालं असतं.

तो म्हणाला, "हो."

एवढंच म्हणाला. कारण सांगितलं नाही, आयला मध्ये आणलं नाही.

मी खाली बसले. मूल उचललं. कागद सोडला त्या दिवसानंतर पहिल्यांदा हातात घेतलं. फारच हलकं होतं. त्याच्या डोक्याला माती लागली होती, ती स्वेटरने पुसली. तिथे ठेवायचं नव्हतं आणि टाकवेना, म्हणून माझ्या पर्समध्ये ठेवलं. मग आम्ही दोघं त्या जळक्या बुंध्यात भिंतीला टेकून बसलो. कोण आधी रडलं ते लिहीत नाही.

राग गेलेला नाही. पण आता तो आयवरचा नाही. आय बिचारी फक्त गुडघ्याबद्दल बोलत होती.

मंगळवार, २ जुलै
ईसा टाउन

परत आलो. विमानाचं दार उघडलं आणि तोंडावर वाफ आली. मूल ऑलिव्हकडे राहिलं. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, तिच्या कपाटात चादरींच्या मागे ठेवून आले. आम्ही दोघांनी मिळून ठेवलं.

मॅगीचा फोन आला. शुक्रवारी तिच्याकडे रोझरीची प्रार्थना आणि खाणंपिणं. माऊलीचा महिमा ऐकायला सगळे येणार आहेत.

मी कॉर्नेलियसला म्हटलं, "मी सांगणार आहे. खरं." तो म्हणाला, "हं." हं म्हणजे काय ते याच्या देवालाच ठाऊक.

शुक्रवार, ५ जुलै

मॅगीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एसी चालू असूनही सगळे घामाघूम. रोझरी झाली. मॅगी खांदा वर करून दाखवत म्हणाली, "बघा, आता एवढा जातो! सांग गो मेबल, कशी होती माऊली?"

मी तोंड उघडलं, तर कॉर्नेलियस उभा राहिला. वीस माणसांसमोर कधी आभारसुद्धा न मानणारा माणूस.

"माऊली नव्हती," तो म्हणाला. "तशी काही जागा नाही. आम्ही फिरायला गेलो होतो. आयला खोटं मी सांगितलं. तुमचं मेण इथेच वितळलं, त्याच्या मेणबत्त्या ऑलिव्हने चर्चमध्ये लावल्या, नावं घेऊन. ते खरं आहे."

मॅगीचा हात हळूहळू खाली आला.

"पण मग नवस?" कोणीतरी मागून विचारलं.

"नवस माझा होता. मूल मला हवं होतं. बायकोच्या नावावर खपवलं, कारण बाईचं नाव घेतलं की लोक आपलं आपण समजतात. यापुढे कोणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. मेबलला विचारायचं नाही."

मला वाटलं आता सगळे गप्प बसतील. आमचे लोक गप्प बसतील तर ते आमचे कसले? मॅगीच नेटाने पुढे झाली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, कधीच नसतं.

"मग तू तरी डॉक्टरला दाखवलं होतंस का रे, कॉर्नेलियस?"

हाच तो प्रश्न. पहिल्या पानावर लिहिला नव्हता तो. बशी हातात धरून, मान कलती करून, अगदी आपुलकीने विचारतात तो. अठरा वर्षांत तो पहिल्यांदा त्याच्याकडे गेला होता.

तो लाल झाला. मानेपर्यंत. वीस माणसं त्याच्याकडे बघत होती आणि तो माझ्याकडे बघत होता. मी अशा वेळी त्याच्याकडे बघायचे तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा. मीही आज खिडकीबाहेर बघू शकले असते. खिडकी समोरच होती, मॅगीने नवीन पडदे लावलेत.

"नाही," तो म्हणाला. "नाही दाखवलं. मेबलने दाखवलं. तिच्यात काही नव्हतं. मी गेलो नाही. भीती वाटली."

हे मला माहीत होतं का? हो, नाही. लिहिताना कळतंय की माहीत होतं.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कोणीतरी 'च्च' केलं. ते 'च्च' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "झालं विचारून? आता कोणी त्याच्याकडे असं बघायचं नाही. मॅगी, चहा आण."

मॅगीने चहा आणला. कोणी जास्त थांबलं नाही.

घरी येताना गाडी तो चालवत होता. मग म्हणाला, "तुला दर वेळी असंच वाटायचं?"

"दर वेळी."

"प्रत्येक रजेत?"

"प्रत्येक घरात, कॉर्नेलियस. तुझ्यासमोर."

त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मागून येणारा एकजण हॉर्न वाजवून शिव्या देत गेला. मी कॉर्नेलियसची समजूत काढली नाही. 'जाऊ दे' म्हणाले नाही. जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. त्याचं रडून होईपर्यंत शेजारी बसून राहिले.